लॉफ्ट विकत घेताना: भिंती नसलेलं घर कसं पारखायचं

लॉफ्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दारावरचा, अडगळ ठेवायचा माळा येतो. इथे बोलायचंय ते लॉफ्ट अपार्टमेंटबद्दल. उंच छत, मोठाल्या खिडक्या, उघड्या विटा, मधोमध खांब, आणि बाथरूम सोडलं तर आतल्या भिंती जवळजवळ नाहीतच. अशी घरं बहुधा शहराच्या त्या भागात असतात जिथे पूर्वी कारखाने आणि गोदामं होती आणि आता कॅफे, गॅलऱ्या, रात्री उशिरापर्यंतची वर्दळ आहे.

मी अशा घरात सहा वर्षं राहिले. त्यानंतर ओळखीतलं कुणी लॉफ्ट घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली. साध्या फ्लॅटमध्ये भिंत निमूटपणे पाच-सहा कामं करत असते. ती आवाज अडवते, वास अडवते, थंडी-ऊब राखते, पाइप लपवते, कपाटाला पाठ देते आणि एका घरातल्या दोन माणसांना थोडा वेळ एकमेकांपासून मोकळीक देते. लॉफ्टमध्ये ती नसते, पण तिची कामं उरतातच. म्हणून पाहणीच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत चला: हे काम या घरात कोण करणार?

१. जाहिरात वाचताना

आधी बघा, लॉफ्ट कुठल्या जातीचा आहे. खरोखरच्या जुन्या कारखान्याचं किंवा गोदामाचं घर केलं असेल तर त्याला ‘हार्ड लॉफ्ट’ म्हणतात. नव्या इमारतीत उंच छत आणि मोकळा आराखडा देऊन तसं रूप आणलं असेल तर तो ‘सॉफ्ट लॉफ्ट’. दोन्हींत वाईट काही नाही, पण तपासणी वेगळी लागते. हार्ड लॉफ्टमध्ये प्रश्न असतात ते वयाचे: ओल, जुनं वायरिंग, जुना रंग, छपराची दुरुस्ती. सॉफ्ट लॉफ्टमध्ये बांधकाम नवं असतं, मात्र ‘उघडी वीट’ म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या चिपा असू शकतात आणि छताची उंची जाहिरातीतल्या शब्दांपेक्षा बरीच कमी निघू शकते.

मग क्षेत्रफळ. त्यात पोटमाळा, म्हणजे मेझनिन, धरलाय का, हे पहिल्या फोनवरच विचारा. धरला असेल तर तिथे माणूस सरळ उभा राहू शकतो का? फ्रान्समध्ये सामायिक मालकीच्या इमारतीतलं घर विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरता येत नाही, असा १९९६चा कायदाच आहे. तुमच्या ठिकाणी नियम काहीही असो, स्वतःच्या हिशेबासाठी हाच दंडक वापरा. जिथे मान वाकवावी लागते ती जागा सामानाची, माणसाची नव्हे.

२. घर बघायच्या आधी कागद

हा क्रम उलटा वाटेल, पण लॉफ्टच्या बाबतीत तो पाळाच. एकदा त्या खिडक्यांतून आलेलं ऊन पाहिलं की कागद वाचायची नजर मऊ होते.

पहिला प्रश्न: ही जागा राहण्यासाठी मंजूर आहे का? कारखाना किंवा गोदाम म्हणून नोंद असलेल्या जागेत लोक वर्षानुवर्षं राहतात, वीजबिलं भरतात, आणि कागदावर मात्र ते राहणं नसतंच. लॉफ्टची गोष्ट सुरू झाली तीच अशी. न्यू यॉर्कच्या सोहो भागातून कारखाने निघून गेले आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार राहू लागले. ते बेकायदाच होतं. १९६१ पासून तिथे इमारतींच्या दर्शनी बाजूला ‘ए.आय.आर.’, म्हणजे इथे कलाकार राहतो, अशा पाट्या लागू लागल्या. आग लागलीच तर कुठल्या मजल्यावर माणूस आहे हे अग्निशमन दलाला कळावं, एवढाच त्यांचा हेतू. पुढे १९७१ मध्ये तिथल्या राहण्याला कायदेशीर वाट मिळाली, तीही शहराच्या खात्याने प्रमाणित केलेल्या कलाकारांपुरती. कलाकार नसलेले असंख्य लोक पुढची कितीतरी वर्षं तिथे घरं घेत-विकत राहिले आणि तो प्रश्न प्रत्येक व्यवहारात डोकं वर काढत राहिला. घर सुंदर होतं, पैसे चोख होते, तरी कागदातली एक ओळ आडवी येत होती.

म्हणून वापरबदलाची मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा हे तीन कागद मागा. नकाशा हातात घेऊनच घर बघायला जा. पोटमाळा नकाशात नसेल तर तो आधीच्या मालकाने स्वतःच्या मनाने चढवलाय. बँक त्याची किंमत धरणार नाही, विमा कंपनी हात वर करू शकते, आणि उद्या काढायला लागला तर खर्च तुमचा. मालकीची साखळी, बोजा, थकबाकी हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या. तो भाग कुठल्याही घरासारखाच.

३. पहिली भेट: टेप, चेंडू आणि पांढरा रुमाल

या तीन वस्तू खिशात ठेवा.

टेपने उंची मोजा, तीही तुळईच्या खालून. समजा छत ५ मीटरवर आहे. पोटमाळ्याची जाडी २० सेंटिमीटर धरली तर वर-खाली प्रत्येकी २.४ मीटर उरतात, म्हणजे दोन्हीकडे आरामात वावरता येतं. पण छत ४.२ मीटरवर असेल तर प्रत्येकी २ मीटरच मिळतात. वर दिवा लावला, खाली पंखा लावला की डोकं आपटलंच. हा फरक फोटोत कधीच दिसत नाही, कारण फोटो जमिनीलगतून, वर रोखून काढलेले असतात. जिनाही असाच मोजा. पायरीवर पूर्ण पाऊल मावतं का, कठडा हाताला लागतो का, आणि अर्ध्या झोपेत रात्री दोनला उतरता येईल का? एकदा उतरून बघाच. वर जाताना सगळे जिने चांगले वाटतात.

चेंडू जमिनीवर ठेवा आणि सोडून द्या. जुन्या लाकडी मजल्यांना थोडा उतार येतोच, त्याने घाबरायचं कारण नाही. मात्र चेंडू सगळीकडून एकाच खांबाकडे किंवा एकाच भिंतीकडे धावत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि रुमाल. उघड्या विटेच्या भिंतीवरून तो हलकेच फिरवा. माझ्या एका मैत्रिणीला जे घर फार आवडलं होतं, तिथे रुमालावर लालसर भुकटीचा पट्टा उमटला. बोटाने चोळलं तर विटेचा कोपरा साखरेसारखा सुटत होता. असं होतं त्यामागे बहुधा एक कारण असतं. जुनी भिंत ‘उघडी’ करताना तिच्यावर वाळूचा मारा केलेला असतो आणि त्यात विटेची भट्टीत भाजून घट्ट झालेली वरची कातडी निघून जाते. आतली वीट मऊ असते, ती ओल शोषते आणि झरत राहते. विटांच्या सांध्यांकडेही बघा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. कुणी हौसेने सांध्यांत करडं, टणक सिमेंट भरलं की ओलीला ती वाट बंद होते, ती विटेतून निघू बघते आणि विटेचे पोपडे सुटतात. सांधे टणक आणि विटांची तोंडं फुटलेली दिसली तर दुरुस्तीचा अंदाज घेतल्याखेरीज किमतीवर बोलू नका.

जुन्या कारखान्यात पूर्वी काय बनत होतं हेही विचारा. रंग, छपाई, धातूकाम अशा धंद्यांची रसायनं मजल्यांत मुरलेली असू शकतात. जुन्या पाइपांभोवती अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, खिडक्यांच्या चौकटींवर शिशाचा रंग असू शकतो. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, यावरून तो किती वर्षं सर्रास वापरात होता ते कळतं. घरात लहान मूल असेल तर ही तपासणी टाळूच नका.

४. दुसरी भेट: कान

लॉफ्ट विकत घेणारे डोळ्यांनी फसत नाहीत, कानांनी फसतात. म्हणून दुसरी भेट फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत मनात मोजा. वॉलेस सबाईन या भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी एक साधं सूत्र दिलंय. खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने, म्हणजे त्यांचं क्षेत्रफळ गुणिले ते किती टक्के आवाज शोषतात त्याने, भागायचं. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, ५ मीटर उंच जागेचं घनफळ ४०० घनमीटर. वीट, काच, काँक्रीट हे आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. पृष्ठभाग ३४० चौरस मीटर आणि शोषण सरासरी चार टक्के धरलं तर आवाज विरायला साडेचार सेकंदांहून जास्त लागतात. ही रिकाम्या घराची अवस्था. तिथे चार माणसं जेवायला बसली तर प्रत्येक जण आवाज चढवत जाईल आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागेल. तोच काळ एका सेकंदावर आणायचा तर जवळपास ६४ चौरस मीटर इतकं पूर्ण शोषण लागतं. सोफा, जाड गालिचा, पुस्तकांची मांडणी, छतापासून जमिनीपर्यंतचे पडदे, छताला लावलेले शोषक पॅनेल या सगळ्यांनी मिळून ते साधतं, एकट्या गालिच्याने नाही. हा खर्च घराच्या किमतीतच धरा.

ही झाली घरातली घुमारी. घरातल्या घरात जाणारा आवाज आणखी निराळा. माझं अंथरूण पोटमाळ्यावर होतं. खाली फ्रिजची मोटर सुरू झाली की मला गादीत कळायचं. कुणी पहाटे चहासाठी पातेलं काढलं, त्यावर झाकण ठेवलं, चमचा ओट्यावर टेकवला, की हे तीन आवाज तीन वेगवेगळे ऐकू यायचे. घरात एकट्याने राहणार असाल तर प्रश्न नाही. पण दोघांची झोपायची वेळ वेगळी असेल, कुणी घरून काम करत असेल, तान्हं बाळ असेल, तर निदान एक खोली तरी दार लावता येणारी हवी. ती करायला जागा आहे का, तिला खिडकी मिळेल का, हे नकाशावर आत्ताच आखून बघा. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोल लॉफ्टमध्ये मागची खोली अंधारीच राहते.

तिसरा आवाज वरच्या शेजाऱ्याचा. घर दाखवणाऱ्याला विनंती करा की वर कुणी असेल तर त्यांना दोन मिनिटं बूट घालून चालायला सांगा. जुन्या लाकडी मजल्यातून पावलांचा आवाज खाली येतो, आणि तुमच्या घरात कितीही गालिचे घातले तरी तो थांबत नाही, कारण गालिचा लागतो तो त्यांच्या जमिनीवर. त्या इमारतीत वरच्यांना जमीन झाकण्याची अट आहे का, हे सोसायटीच्या नियमांत शोधा.

५. ऊन, ऊब, वारा

गरम हवा वर चढते. त्यामुळे थंडीत खाली पाय गार पडतात आणि उन्हाळ्यात पोटमाळ्यावर झोप लागत नाही. छताचा पंखा हिवाळ्यात उलट्या दिशेने, मंद गतीने फिरवला तर वर साठलेली ऊब खाली येते. असा पंखा लावायला छतात सोय आहे का ते बघा. एसी किंवा हीटर बसवणारा क्षेत्रफळ विचारून आकडा सांगू लागला तर त्याला थांबवा. ८० चौरस मीटरचा साधा फ्लॅट २.७ मीटर उंचीचा असेल तर २१६ घनमीटर हवा होते. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, ५ मीटर उंच लॉफ्टमध्ये ती ४०० होते, वर काचेचं क्षेत्रही कितीतरी जास्त.

काच एकेरी की दुहेरी, हे काचेजवळ पेटता लायटर धरून कळतं. एकेरी काचेत ज्योतीची प्रतिबिंबं दोन दिसतात, दुहेरीत चार. एकेरी काचेतून उष्णता साध्या दुहेरीच्या जवळपास दुप्पट जाते. जुन्या लोखंडी खिडक्या बदलायला परवानगी आहे का, तेही विचारा. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतींत ती सहसा सहज मिळत नाही, तेव्हा आतून दुसरी चौकट बसवणं हाच मार्ग उरतो. प्रत्येक खिडकी स्वतः उघडून बघा. रंगाचे थर चढून कायमच्या बंद झालेल्या खिडक्या मी इतक्या पाहिल्यात की आता आधी हात तिथेच जातो.

६. पाणी

कारखान्यात नळ आणि संडास एका कोपऱ्यात असायचे. घर करताना सांडपाण्याचा मुख्य पाइप तिथेच राहतो. ओटा किंवा बाथरूम त्यापासून जितकं दूर, तितका आडव्या पाइपला उतार द्यावा लागतो. ४० ला १ असा उतार धरला तर ८ मीटरवर २० सेंटिमीटर. म्हणूनच कित्येक लॉफ्टमध्ये बाथरूमला पायरी चढून जावं लागतं. ओटा खिडकीपाशी हलवायचा बेत असेल तर हा हिशेब आधी करा.

७. वस्ती

आवडीच्या भागात घर घेताना तो भाग चारदा बघा: कामाच्या दिवशी सकाळी, भर दुपारी, शनिवारी रात्री एक वाजता आणि पहाटे पाचला. शेवटची वेळ सगळे चुकवतात. कचऱ्याच्या गाड्या, दुकानांना माल उतरवणारे ट्रक, लोखंडी शटर हे सगळं तेव्हाच असतं, आणि लॉफ्टच्या खिडक्या मोठ्या असल्याने ते थेट अंथरुणापर्यंत येतं. खाली संगीताची जागा असेल तर ती तुमच्या आधीपासून आहे हे लक्षात ठेवा. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून स्पष्टच आहे की जुन्या जागेशेजारी नवं घर आलं तर आवाजाचा बंदोबस्त नव्या बांधकामाने करायचा. नियम कुठला का असेना, न्याय्य तेच वाटतं. ज्या वर्दळीसाठी तुम्ही तिथे येताय, तिच्याविरुद्ध तक्रार करण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

समोरचा रिकामा भूखंड किंवा बसकं गोदाम दिसलं तर नियोजन कार्यालयात जाऊन तिथे काय मंजूर आहे ते पाहा. लॉफ्टच्या किमतीत उजेडाचा वाटा मोठा असतो, आणि एका बाजूने उजेड घेणाऱ्या घरासमोर उंच इमारत आली की तो वाटा गेला.

८. इमारतीचे हिशेब

सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा आणि कंटाळा न करता वाचा. छप्पर गळतंय, मालवाहू लिफ्ट सारखी बंद पडते, दर्शनी भिंतीची दुरुस्ती पुढे ढकलली, हे सगळं तिथे साध्या शब्दांत लिहिलेलं असतं. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते बघा. जुन्या कारखान्याच्या इमारतीत घरं थोडी असतात. छपराचा खर्च शंभर घरांत वाटला गेला तर जाणवत नाही, दहा घरांत वाटला गेला तर कंबर मोडते.

९. भाव आणि करार

किमतीचा हिशेब दोन भागांत करा. एकीकडे सरळ उभं राहता येईल असं, मंजूर नकाशातलं क्षेत्रफळ. दुसरीकडे घर राहतं करायला लागणारा खर्च: आवाज, खिडक्या, एक बंद खोली, उंच पडदे, वर दिवे बदलायची सोय. दुसरा आकडा लेखी अंदाजांसह बोलणीत ठेवा. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की मुलंबाळं असलेली बरीच कुटुंबं असं घर घेत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक मोजकंच असतं. ही गोष्ट आज तुमच्या बाजूची आहे, पण विकायची वेळ आली की उलटते. पाच वर्षांच्या आत जागा बदलायचा विचार असेल तर मी लॉफ्ट घ्या असं सांगणार नाही.

इसार देण्याआधी करारात तीन अटी घालून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही तर, इंजिनिअरच्या तपासणीत मोठा दोष निघाला तर, किंवा वापराच्या मंजुरीचा कागद निघाला नाही तर इसार परत. ‘सगळं आहे हो, नंतर देतो’ यावर पैसे सोडू नका.

ताबा मिळाल्यावर

पहिला महिना काहीही कायमचं बसवू नका. पलंग, टेबल, कपाट, होऊ घातलेली खोली, सगळं जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने आखा आणि त्या रेषा भिंती समजून वावरा. ऊन कुठून कुठे सरकतं, कुठल्या कोपऱ्यात बोललं तर वर ऐकू जात नाही, हे त्या महिन्यात कळतं. माझ्या पलंगाची आखणी मी दोनदा पुसली. खिडकीपाशी पहाटे डोळ्यांवर ऊन यायचं आणि मधोमध सगळा रस्ता ऐकू यायचा. तिसऱ्यांदा खांबाच्या मागे, पुस्तकांच्या मांडणीच्या आडोशाला आखला आणि तिथे मला सकाळी सातपर्यंत झोप लागली.